युलिसिस : न परतलेल्या जहाजाची गोष्ट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

अ‍ॅलिस्टर मॅक्लीन हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' हा १९६१ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांना ते पडद्यावरून माहीत झाले. ज्यांना इंग्रजी साहसकथांचा नाद होता, त्यांना ते रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आणि गल्लीतल्या वाचनालयात भेटले. पुढे त्याच्या काही कादंबऱ्या मराठीतही आल्या. समुद्रात सरळ उतरणारा कडा, त्यावर अभेद्य किल्ला, शत्रूच्या गोटात शिरलेली पाच-सहा माणसे आणि त्यांच्यातच लपलेला एखादा फितूर, असा त्याचा ठरलेला मसाला. पुस्तक हाती घेतले की समोरचे ताट गार व्हायचे.

पण या लेखकाचे पहिले पुस्तक वेगळे होते. 'एच. एम. एस. युलिसिस' ही त्याची कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. पाने भराभर उलटत राहावीत अशी तीही आहेच. मात्र तिच्यात किल्ला नाही, फितूर नाही, नायिका तर नाहीच. तिच्यात आहे ती थंडी, दिवसेंदिवस झोप न मिळालेली माणसे आणि एक जहाज. लेखक स्वतः त्या समुद्रावर नौदलात खलाशी होता. म्हणून हे पुस्तक इतिहास म्हणून किती खरे आणि गोष्ट म्हणून किती रचलेले, हा प्रश्न पडतो. आज त्याच प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यायचा आहे.

आधी त्या काळाची पार्श्वभूमी. २२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत रशियावर आक्रमण केले. रशियन सैन्य मागे हटत होते. रणगाडे, विमाने, मोटारी, इंधन, बूट, औषधे, सगळ्याचीच टंचाई होती. ब्रिटनने आणि पुढे अमेरिकेने हा माल पाठवायचे ठरवले. पण पाठवायचा कुठून? सर्वांत जवळचा मार्ग नॉर्वेच्या डोक्यावरून, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वरून, मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्क या रशियन बंदरांकडे जात होता. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता. तिथल्या धावपट्ट्यांवर त्यांची विमाने होती, चिंचोळ्या खाड्यांत त्यांच्या पाणबुड्या आणि मोठ्या युद्धनौका दबा धरून होत्या. एका बाजूला शत्रूचा किनारा आणि दुसऱ्या बाजूला बर्फाची भिंत. या दोहोंच्या मधल्या पट्टीतून मालजहाजांचे तांडे न्यायचे होते.

पहिला तांडा ऑगस्ट १९४१ मध्ये आइसलँडहून निघाला. मे १९४५ पर्यंत असे ७८ तांडे गेले-आले. सुमारे १,४०० मालजहाजांनी ही वाट तुडवली. त्यांतली ८५ मालजहाजे आणि ब्रिटिश नौदलाच्या १६ युद्धनौका तळाशी गेल्या. तीन हजारांवर माणसे मेली.

या वाटेवर ऋतू कुठलाही असो, तो वैरीच. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. चोवीस तास उजेड आणि चोवीस तास विमानांची भीती. हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही; मग काळोख, वादळ आणि हिम. लाटांचे तुषार जहाजावर पडता पडताच गोठत. डेकवर, तोफांवर, दोरखंडांवर बर्फाचे थर चढत. हा बर्फ वेळीच काढला नाही तर जहाजाचा माथा जड होऊन ते कलंडण्याची भीती. म्हणून पहारा संपवून आलेल्या खलाशाने विश्रांती घ्यायची सोडून कुऱ्हाड घ्यायची आणि बर्फ फोडायचा. उघडा हात लोखंडाला लागला तर कातडी तिथेच चिकटून राही. आणि पाण्यात पडलेल्या माणसाकडे फार वेळ नसे. बरेचदा पोहता येणारा आणि न येणारा असा भेद करण्याइतकाही वेळ नसे.

आता लेखकाकडे वळू. मॅक्लीनचा जन्म १९२२ सालचा, ग्लासगो शहरातला. वडील स्कॉटलंडच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक. बालपण इन्व्हर्नेसजवळच्या डेव्हिएट या खेड्यात गेले. घरात गेलिक बोलायची, असा वडिलांचा दंडक होता. म्हणजे इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा. ती तो नंतर शिकला आणि तिच्यावरच पुढे जगला. घरात एक बोली आणि कागदावर दुसरी, असे वाढलेल्या माणसाला शब्द जरा वेगळे ऐकू येतात. तो ते तोलून घेतो. हे मी थोड्या जवळिकीने सांगतो, कारण मराठीत लिहिणारे माझ्यासारखे कितीतरी जण असेच वाढले आहेत.

१९४१ साली मॅक्लीन नौदलात भरती झाला. अधिकारी म्हणून नव्हे, साधा खलाशी म्हणून. आधी किनाऱ्यालगत काम करणाऱ्या एका जहाजाच्या विमानविरोधी तोफांवर आणि १९४३ पासून 'रॉयलिस्ट' या हलक्या क्रूझरवर. काम पाणतीरांच्या विभागात. 'रॉयलिस्ट' दोनदा उत्तरेकडच्या तांड्यांबरोबर गेली. ३ एप्रिल १९४४ रोजी नॉर्वेच्या खाडीत लपलेल्या 'टिर्पिट्झ' या प्रचंड जर्मन युद्धनौकेवर विमानांनी हल्ला केला. त्या मोहिमेतील विमानवाहू नौकांच्या ताफ्याचा अ‍ॅडमिरल 'रॉयलिस्ट'वरच होता. त्यानंतर जहाज भूमध्य समुद्रात आले. दक्षिण फ्रान्सवरच्या चढाईत आणि ग्रीक बेटांच्या आसपासच्या मोहिमांत ते होते. १९४५ मध्ये ते थेट आपल्या बाजूला, हिंदी महासागरात आले. ब्रह्मदेश, मलाया, सुमात्रा इथल्या जपानी ठाण्यांवर हल्ले करणाऱ्या विमानवाहू नौकांना त्याने सोबत केली. जपानच्या शरणागतीनंतर सिंगापूरच्या चांगी तुरुंगातून सुटलेल्या युद्धकैद्यांना हलवण्याच्या कामातही ते होते. या कैद्यांचा उल्लेख लक्षात ठेवा. त्याच्याकडे मला परत यायचे आहे.

१९४६ साली मॅक्लीन मोकळा झाला. ग्लासगो विद्यापीठात इंग्रजी शिकला, शाळामास्तर झाला, संसाराला लागला. १९५४ साली 'ग्लासगो हेरल्ड' या वृत्तपत्राने कथास्पर्धा घेतली. त्याने 'डीलस' नावाची कथा पाठवली. गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थ निष्ठावंत. कथा समुद्राचीच होती. तिला १०० पौंडांचे पहिले बक्षीस मिळाले. कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेतील इयन चॅपमन यांच्या पत्नीला ती कथा वाचून गहिवरून आले. चॅपमननी या मास्तरला गाठले आणि कादंबरी लिहा म्हणून गळ घातली. शाळा सुटल्यावर घरी बसून त्याने काही आठवड्यांत जे लिहून काढले, ते 'युलिसिस'. पहिल्या सहा महिन्यांतच ब्रिटनमध्ये तिच्या पक्क्या बांधणीच्या अडीच लाख प्रती खपल्या. दहा वर्षे मनात साठलेले बाहेर पडायला इतकासा वेळ लागला.

कादंबरीची सुरुवात लढाईने होत नाही. ती बंडाने होते. स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो या तळावर 'युलिसिस' उभी आहे. तिच्यावर नुकताच उठाव झाला आहे, माणसे मेली आहेत. लंडनहून आलेला अ‍ॅडमिरल स्टार जाब विचारतो आहे. जहाजाचा डॉक्टर त्याला सांगतो, की ही माणसे हरामखोर नाहीत, भित्रीही नाहीत. थंडी, जागरण आणि सततची भीती माणसाला कुठवर नेऊ शकते याला एक हद्द असते. ती केव्हाच ओलांडली गेली आहे. अ‍ॅडमिरलला हे पटत नाही. जहाजाने आपले नाव पुन्हा उजळावे, म्हणून त्याला आणखी एका फेरीवर धाडले जाते. एफ आर ७७ नावाचा तांडा मुर्मान्स्कला पोचवायचा. या तांड्याचा खरा उपयोग 'टिर्पिट्झ'ला बाहेर काढण्यासाठी आमिष म्हणून करायचा आहे, हे वाचकाला पुढे कळते.

यापुढचे एकेक प्रकरण म्हणजे एकेक आपत्ती. वादळात सोबतच्या विमानवाहू नौका निकामी होतात. मग पाणबुड्या, मग विमाने. कप्तान व्हॅलरी क्षयाने पोखरलेला आहे. रुमालात रक्त लपवत तो रात्री अख्ख्या जहाजातून फिरतो, प्रत्येक ठाण्यावरच्या माणसाशी चार शब्द बोलतो. ज्या माणसांनी बंड केले तीच या कप्तानासाठी जीव द्यायला तयार होतात. राल्स्टन नावाचा तरुण खलाशी पाणतीरांवर काम करतो. त्याची आई आणि बहिणी बॉम्बहल्ल्यात गेल्या आहेत. तांड्यातले एक तेलवाहू जहाज पेटते. त्याच्या ज्वाळांच्या उजेडात रात्रीच्या वेळी सगळा तांडा शत्रूला दिसेल, म्हणून ते बुडवायचा हुकूम सुटतो. राल्स्टन पाणतीर सोडतो. त्या तेलवाहू जहाजाचा कप्तान त्याचा बाप असतो.

शेवटी 'युलिसिस'वर धड तोफ उरत नाही. मोठी जर्मन क्रूझर समोर येते. 'युलिसिस' आपली नाळ तिच्याकडे वळवून, पूर्ण वेगात, तिच्यावर आदळायला निघते आणि वाटेतच फुटते. मदतीला येणारे आरमार उशिरा येते. जहाज परत येत नाही. परत येतो तो जहाज सोडून दुसरीकडे पाठवला गेलेला एक तरुण डॉक्टर. तोच लंडनला जाऊन ही हकीकत अ‍ॅडमिरलला सांगतो.

'युलिसिस' हे नाव इथे बोचते. ग्रीक पुराणातला युलिसिस दहा वर्षे समुद्रावर भटकून अखेर घरी पोचतो. टेनिसनने याच राजावर कविता लिहिली. त्या कवितेतल्या ओळी मॅक्लीनने कादंबरीच्या आरंभी घेतल्या आहेत. टेनिसनचा म्हातारा राजा घरी स्वस्थ बसत नाही, सोबत्यांना घेऊन पुन्हा समुद्रावर निघतो. घरी पोचलेल्यापेक्षा पुन्हा निघालेला युलिसिस या खलाशाला जवळचा वाटला, याचे कवी म्हणून मला नवल वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न. यातले खरे किती?

'युलिसिस' नावाची अशी क्रूझर त्या तांड्यांबरोबर नव्हती, एफ आर ७७ हा तांडाही नव्हता. जहाजाचे वर्णन मात्र 'रॉयलिस्ट'च्याच जातीच्या नौकेचे आहे. लेखकाने आपल्या पायाखालचे डेक उचलून कादंबरीत नेले. एका फेरीत त्याने जेवढी संकटे कोंबली, तेवढी एका तांड्यावर कधी कोसळली नाहीत. शिवाय तो स्वतः या समुद्रावर आला तेव्हा सर्वांत वाईट काळ सरत आला होता. २६ डिसेंबर १९४३ रोजी 'शार्नहोर्स्ट' ही जर्मन युद्धनौका बुडाली आणि तांड्यांवरचे एक मोठे सावट दूर झाले. म्हणजे १९४२ सालचे जे भयंकर दिवस कादंबरीत आहेत, ते मॅक्लीनने पाहिलेले नव्हते. ते त्याने ऐकलेले होते. जहाजावर ऐकलेली गोष्ट म्हणजे काय, हे समुद्रकाठच्या माणसाला सांगायला नको. रात्रपाळीत, गरम कोकोच्या पेल्याभोवती, आधीच्या फेरीतून वाचलेला माणूस जे सांगतो ते ऐकणाऱ्याच्या अंगात भिनते.

पण एकेक प्रसंग सुटा करून पाहिला तर इतिहासात त्याचा जोड सापडतो. शेवटची ती धडक घ्या. ८ एप्रिल १९४० रोजी नॉर्वेजवळ 'ग्लोवर्म' या लहानशा ब्रिटिश विनाशिकेने 'अ‍ॅडमिरल हिपर' या जर्मन क्रूझरला खरोखरच धडक दिली होती. तिचा कप्तान रूप याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्याच्या शौर्याची साक्ष खुद्द जर्मन कप्तानाने रेडक्रॉसमार्फत ब्रिटनला कळवली होती. कधी कधी तर इतिहास कादंबरीच्याही पुढे जातो. मार्च १९४२ मध्ये 'ट्रिनिडाड' या ब्रिटिश क्रूझरने शत्रूवर पाणतीर सोडला. तो वाटेत भरकटून, वळून, तिच्यावरच येऊन आदळला. कुठल्या कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आपण म्हटले असते, फारच झाले.

आणि टाकून दिलेल्या तांड्याचे काय? तेही घडले होते. २७ जून १९४२ रोजी आइसलँडहून पी क्यू १७ हा ३५ मालजहाजांचा तांडा निघाला. ४ जुलैच्या रात्री लंडनच्या नौदल मुख्यालयाला वाटले, की 'टिर्पिट्झ' बाहेर पडली आहे किंवा पडणार आहे. नौदलप्रमुख डडली पाउंड यांनी हुकूम दिला : तांडा मोडा, पांगा. रक्षक युद्धनौकांचा मोठा भाग पश्चिमेकडे वळला. नि:शस्त्र म्हणावीत अशी मालजहाजे एकेकटी पडली. 'टिर्पिट्झ' त्यांच्यापर्यंत आलीच नाही. ती बाहेर पडून लगेच परतली. काम पाणबुड्यांनी आणि विमानांनी केले. २४ जहाजे बुडाली, १५३ खलाशी गेले. ४३० रणगाडे, २१० विमाने आणि ३,३५० मोटारी समुद्रात गेल्या. चूक समुद्रावर झाली नव्हती. शेकडो कोस दूर, उबदार खोलीत, नकाशासमोर झाली होती. 'युलिसिस'मधला अ‍ॅडमिरल स्टार हा काल्पनिक आहे. पण ती खोली काल्पनिक नाही.

या तांड्याची पुढची हकीकत मनोरंजक आहे. १९६८ साली डेव्हिड आयर्व्हिंग यांनी पी क्यू १७ वर पुस्तक लिहिले. ते इतिहास म्हणून लिहिले. रक्षक नौकांचा प्रमुख कप्तान ब्रूम याच्यावर त्यात ठपका होता. ब्रूमने अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९७० साली ज्यूरीने त्याला ४०,००० पौंड देवविले आणि १९७२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल कायम केला. हेच आयर्व्हिंग पुढे ज्यूंच्या संहाराबद्दलच्या खोटेपणामुळे कुप्रसिद्ध झाले. कागदपत्रांचे दाखले देणारे पुस्तक न्यायालयात हरले, आणि सुरुवातीलाच 'हे काल्पनिक आहे' म्हणणारे पुस्तक तांड्यांवरच्या माणसांची बाजू मांडून गेले. इतिहास म्हणवून घेतले म्हणजे खरे होत नाही, आणि कादंबरी म्हटले म्हणजे खोटे होत नाही. मात्र कादंबरीकाराची सुटका सोपी असते असेही नाही. त्यालाही कुणाला तरी उत्तर द्यायचे असते. ते पुढे पाहू.

'युलिसिस' आल्यावर काही समीक्षक खवळले. युद्धकाळात ब्रिटिश नौदलात बंड? ही तर नौदलाची बदनामी. खरे तर बंड हा शब्द त्या नौदलाला परका नव्हता. सप्टेंबर १९३१ मध्ये स्कॉटलंडमधल्याच इन्व्हर्गॉर्डनच्या खाडीत अटलांटिक आरमाराच्या खलाशांनी पगारकपातीविरुद्ध काम बंद ठेवले होते. मॅक्लीनचे डेव्हिएट तिथून फार लांब नाही. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. आणि मुंबईला तर हे सांगायची गरजच नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या नौदल प्रशिक्षण केंद्रात रॉयल इंडियन नेव्हीचे खलाशी निकृष्ट जेवणाविरुद्ध आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध उठले, आणि बघता बघता ते लोण जहाजाजहाजांवर पसरले. सरकारने त्याला बंड म्हटले; खलाशांनी स्वतःच्या समितीच्या नावात संप हा शब्द घातला. जेवणाच्या ताटापासून सुरू झालेली गोष्ट स्वातंत्र्याच्या मागणीपर्यंत गेली. 'युलिसिस'वरच्या उठावाला असा राजकीय अर्थ नाही. पण दोन्हीकडे वरून विचारला जाणारा प्रश्न एकच आहे : यांची हिंमत कशी झाली? आणि खालून येणारे उत्तरही एकच : आम्ही माणसे आहोत.

मॅक्लीनने नौदलाची बदनामी केली असे मला वाटत नाही. थकलेल्या माणसाला थकलेला म्हणणे ही त्याची बदनामी नव्हे. न थकणारा वीर ही प्रचारपत्रकाची गरज असते. थकूनही पहाऱ्यावर उभा राहणारा माणूस कादंबरीत शोभतो, कारण तो खरा असतो.

या पुस्तकाने आणखी एक काम केले. युद्धानंतर ब्रिटन-अमेरिका आणि रशिया एकमेकांचे वैरी झाले. रशियाला मदत पोचवताना मेलेल्यांचा गौरव करणे त्या शीतयुद्धाच्या काळात कुणालाच सोयीचे नव्हते. या तांड्यांवर गेलेल्यांसाठी ब्रिटनने स्वतंत्र पदक, 'आर्क्टिक स्टार', काढले ते २०१३ साली. तोवर बहुतेक खलाशी देवाघरी गेले होते. पदक यायला युद्ध संपल्यानंतर अडुसष्ट वर्षे लागली. कादंबरी दहा वर्षांत आली होती. लंडनला जाणाऱ्यांनी टॉवर ब्रिजजवळ थेम्स नदीत उभी असलेली 'बेलफास्ट' ही क्रूझर पाहिली असेल. तीही याच वाटेवरची. तिच्या अरुंद जिन्यांवरून उतरताना 'युलिसिस' आठवते असे अनेक जण सांगतात.

इथे मला आपल्या किनाऱ्याकडे वळायचे आहे, कारण ही गोष्ट आपल्याही घरात शिरलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश मालजहाजांवर सुमारे पन्नास हजार भारतीय खलाशी होते. चार खलाशांमागे एक आपला. मुंबईतून भरती होणाऱ्यांत डेकवरच्या कामाला रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान माणसे मोठ्या संख्येने असत. खानपानाच्या कामाला गोव्याची माणसे. सारंग, टंडेल, भंडारी हे हुद्दे आजही त्या गावांत आडनावांसारखे आणि टोपणनावांसारखे ऐकू येतात. पगार गोऱ्या खलाशाच्या पाव हिश्श्याच्या आसपास. युद्ध सुरू होताच १९३९ च्या शरद ऋतूत या खलाशांनी बंदराबंदरांत जहाजावर चढायला नकार दिला. शेकडो जण तुरुंगात गेले, पण पगारवाढ मिळवली. इकडेही एका अर्थाने बंडच झाले होते.

१७ सप्टेंबर १९४० रोजी 'सिटी ऑफ बनारस' हे प्रवासी जहाज अटलांटिकमध्ये पाणबुडीने बुडवले. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी कॅनडाला पाठवलेली ९० इंग्रज मुले त्यावर होती. त्यांतली ७७ गेली. ही हकीकत ब्रिटनमध्ये आजही डोळ्यांत पाणी आणते, आणि ते योग्यच आहे. त्याच रात्री, त्याच थंडीत, त्याच जहाजावरचे शंभराच्या आसपास भारतीय खलाशी गेले. त्यांची आठवण क्वचित निघते. युद्ध संपेपर्यंत असे सहा हजारांवर भारतीय खलाशी समुद्रात गेले. मुंबईत मस्जिद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांची नावे नोंदवून ठेवलेली आहेत. त्यांना कबर नाही, चिता नाही. नावांची यादी हीच त्यांची जागा.

त्यांच्यातून कुणी मॅक्लीन निघाला नाही. कसा निघणार? त्यांच्यापैकी बहुतेकांना सही करतानाही अंगठ्याला शाई लावावी लागत होती. मॅक्लीनही साधाच खलाशी होता. पण युद्धानंतर त्याला विद्यापीठ मिळाले, वृत्तपत्राची स्पर्धा मिळाली, दारात आलेला प्रकाशक मिळाला. आपल्या सारंगाला गावी परतल्यावर मिळाला तो ओटा आणि समोर बसलेली नातवंडे. गोष्ट दोघांकडेही होती. एकाची छापली गेली, दुसऱ्याची ओट्यावर विरली.

आता ते चांगीच्या कैद्यांचे. 'युलिसिस'नंतर मॅक्लीन जगप्रसिद्ध झाला. 'नॅव्हरोन', 'आइस स्टेशन झेब्रा', 'व्हेअर ईगल्स डेअर' अशी एकामागून एक पुस्तके आली, चित्रपट निघाले, कोट्यवधी प्रती खपल्या. पैसा आला, दारूही आली. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात हा माणूस सांगू लागला, की जपान्यांनी मला पकडले होते, माझे दात उपटून छळ केला होता. त्याच्या मुलाने आणि चरित्रकाराने हे साफ नाकारले आहे. ती दारूच्या अमलातली बडबड होती असे ते म्हणतात. १९८७ साली म्युनिकला त्याचा मृत्यू झाला. स्वित्झर्लंडमधल्या सेलिनी या गावी, अभिनेता रिचर्ड बर्टनच्या कबरीपासून जवळच, तो विसावला आहे.

मला हा भाग सर्वांत विचार करायला लावतो. ज्याने स्वतःचे खरे अनुभव 'ही केवळ कादंबरी' म्हणून लिहिले, त्यानेच पुढे कल्पित छळ स्वतःचा म्हणून सांगितला. चांगीहून सुटलेली, हाडांचे सापळे झालेली माणसे त्याने आपल्या जहाजाच्या फेरीत पाहिली असणार. त्यांच्या जखमा त्याने, मला वाटते, उसन्या घेतल्या. १९४२ चे मुर्मान्स्कही त्याने उसनेच घेतले होते. मग फरक काय? फरक एवढाच, की कादंबरीत त्याने ते दुःख राल्स्टनला दिले, व्हॅलरीला दिले. स्वतःला कुठे ठेवले नाही. म्हणून ते दुःख ज्यांचे होते त्यांच्याकडेच राहिले. बैठकीत सांगताना मात्र त्याने ते स्वतःच्या नावावर केले. कल्पना हे लेखकाचे हत्यार आहे. पण दुसऱ्याचे दुःख सांगणे वेगळे आणि ते बळकावणे वेगळे. सैनिक-लेखकाने ज्यांना उत्तर द्यायचे असते, ते हेच : त्याच्याशेजारी उभे राहून परत न आलेले.

म्हातारपणीच्या त्या बढायांमुळे 'युलिसिस' खोटी ठरत नाही. उलट तिचे मोल अधिक कळते. बीबीसीने १९९७ साली तिचे नभोनाट्य केले. पडद्यावर ती आजवर आली नाही, आणि ते बरेच झाले असे वाटते. अंधारात, नुसत्या आवाजांनी ऐकावी अशीच ती गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेला माणूस आज गावात सापडणे जवळजवळ अशक्य आहे. पण त्याची मुले आहेत, नातवंडे आहेत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जहाजावरच्या नोकरीचे जुने पुस्तक असते. त्यात जहाजांची नावे आणि तारखा असतात. त्या पेट्या उघडा. आजोबांनी सांगितलेले जे आठवते ते, जसे आठवते तसे, कागदावर उतरवा. आपण ऐकलेले काय आणि ताडलेले काय, हे मात्र वेगवेगळे लिहा. त्याची कादंबरी होईल की नाही, हे पुढचे पुढे. मस्जिद बंदरच्या त्या यादीतल्या नुसत्या नावांना निदान एकेक ओळ मिळेल.